मे महिन्यात फुकेत? आधी समुद्राचं वेळापत्रक बघा

राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीला टेकलेल्या सासूबाई. शाळेला सुट्टी मे महिन्यात. एका एजंटाने मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी थायलंडचं 'फुकेत ३ रात्री, क्राबी २ रात्री' असं पॅकेज दिलंय आणि दर डिसेंबरपेक्षा बराच उतरलेला आहे. मुलांना समुद्रात मनसोक्त खेळायचंय, सासूबाई पूर्ण शाकाहारी. ॲडव्हान्स भरावा का, आणि कोल्हापुरातून सगळं नीट जमवायचं कसं?

ताई, या तारखांसाठी ॲडव्हान्स भरू नका. एजंट फसवतोय असं नाही. दर उतरलाय त्याला कारण आहे, आणि ते कारण समुद्रातच आहे. कोल्हापुरातून कुटुंबांच्या सहली आखून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. लोक आधी हॉटेलचे फोटो बघतात, मग दर, मग विमान, आणि समुद्र कसा असेल हे तिथे पोचल्यावर कळतं. बीचच्या गावाला जाताना हा क्रम उलटा हवा. कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूचा समुद्र, आणि त्यातला कोणता किनारा, एवढं पक्कं झालं की उरलेलं जमतं.

फुकेत हे थायलंडचं सगळ्यात मोठं बेट. पुलाने ते मुख्य भूमीला जोडलेलं आहे. त्याचे नावाजलेले किनारे (पातोंग, कारोन, काता, कमला, सुरिन, बांगताओ) सगळे पश्चिमेला, अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत. आपल्याकडे जो नैऋत्य मोसमी पाऊस जूनमध्ये येतो, तोच तिथे साधारण मेच्या मध्याला पोचतो. म्हणजे आपण वळवाची वाट बघत असतो तेव्हा फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर वारा समोरून थेट अंगावर यायला लागलेला असतो. मे ते ऑक्टोबर असंच चालतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस सगळ्यात जास्त. दिवसभर झड लागते असं नाही. सकाळी ऊन, दुपारी तासभर कोसळतो, पुन्हा ऊन, असेही दिवस भरपूर असतात. त्यामुळे परत आलेले लोक सांगतात, 'पाऊस काही विशेष नव्हता.' त्यांचं खरं असतं. पण मुद्दा पावसाचा नाही, लाटांचा आहे.

या महिन्यांत या किनाऱ्यांवर लाल निशाण लागतं. लाल निशाण म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे परत जातं, आणि त्या पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसाला सोबत घेऊन जातं. फसवी गोष्ट ही की तो पट्टा वरून सगळ्यात शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या भागात फुटत नाहीत, पाणी थोडं गढूळ किंवा गडद दिसतं. पालक मुलांना नेमकं तिथेच उतरवतात, कारण तिथे लाट कमी.

कोल्हापूरच्या लोकांना हे आवर्जून सांगावं लागतं, कारण आपल्यातले पुष्कळजण चांगले पोहतात. पंचगंगेच्या घाटावरून उड्या मारलेल्या असतात, शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेले असतात. त्या पोहण्याचा अभिमान जरूर असावा, पण विहिरीत ओढ नसते, आणि नदीची ओढ काठाला समांतर असते. इथे ओढ सरळ आत जाते. त्यामुळे पट्टीचा पोहणारा नेहमीच्या सवयीने काठाकडे तोंड करून सगळा जोर लावतो आणि दमतो. घरच्या सगळ्यांना, आठ वर्षांच्या मुलालासुद्धा, निघण्याआधी एवढं पाठ करून घ्या: ओढलं गेलो तर पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहायचंच झालं तर किनाऱ्याला समांतर आडवं पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं, मग लाटांबरोबर काठाकडे यायचं. दुसऱ्याला वाचवायला लगेच आत उडी घेऊ नये. तरंगेल असं काहीतरी फेकावं आणि जीवरक्षकाला बोलवावं. लाल-पिवळी निशाणं दोन ठिकाणी रोवलेली दिसली तर त्या दोहोंमधला भाग जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो, पोहायचं तिथेच.

बोटींचंही तेच. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ वादळी समुद्रात 'फिनिक्स' नावाची पर्यटकांची बोट बुडाली आणि ४७ जण गेले. पावसाळ्यात बोटी बंद नसतात. बऱ्याच दिवशी त्या जातात आणि सुखरूप येतातही. पण खराब हवेने फेरी रद्द होणं, उशिरा निघणं, बेटावर न उतरता परत फिरणं हे या काळात नेहमीचं. तुमच्या पॅकेजमध्ये पाच रात्रींत तीन बोटींच्या सहली असतील, तर त्यातली एक-दोन हातची जातील असं धरून चाला. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. फी फी बेटांवरचा माया बे हा छोट्या खाडीतला किनारा गर्दीमुळे प्रवाळाची हानी झाली म्हणून २०१८ च्या जूनमध्ये बंद केला होता आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडला. आता तो दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विश्रांतीसाठी बंद ठेवतात, आणि उघडा असतो तेव्हाही तिथे पोहू देत नाहीत. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे हिरमोड होणार नाही.

मग जायचं कधी? डिसेंबर ते मार्च समुद्र निवळशंख असतो. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडाही सहसा चांगला. एप्रिलमध्ये उकाडा फार, पण समुद्र शांत असतो. नाताळ ते पाच जानेवारी हा काळ मात्र टाळा, त्या दिवसांत हॉटेलं दर कितीही लावतात आणि फी फीची बोट आपल्या एसटीसारखी भरते. माझं मत विचाराल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मुलगी आठवीत असेल आणि मुलगा तिसरीत, तर शाळेच्या बाईंशी बोलून प्रजासत्ताक दिनाच्या आसपास चार दिवसांची रजा घेणं हा काही फार मोठा गुन्हा नाही. दहावी-बारावी घरात असती तर मी हे सुचवलं नसतं. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली तर ते दिवस अधलेमधले असतात. जमलं तर भाऊबीज करून मग निघा.

आणि मे हाच महिना हवा असेल तर समुद्राची बाजू बदला. थायलंडच्या चिंचोळ्या भागात मध्ये डोंगर आहेत, आणि पलीकडे थायलंडचं आखात. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला धो धो पडत असताना शिरोळला जसं फक्त भुरभुरतं, तसंच तिथलं गणित आहे. फुकेतला समुद्र खवळतो तेव्हा आखातातल्या को सामुईला तो बराच शांत असतो. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, म्हणजे आपल्या दिवाळीत. सामुईला अडचण एकच, भारतातून थेट विमान नाही. बँकॉकहून पुढे विमान महाग पडतं, किंवा सुरत थानीहून फेरीबोट घ्यावी लागते, आणि सासूबाईंना तो प्रवास दमवेल. दुसरा चांगला पर्याय व्हिएतनामचं दा नांग. फेब्रुवारी ते ऑगस्ट तिथे कोरडा हंगाम, मी खे हा लांबलचक किनारा शहरालाच लागून आहे, आणि होइ आन हे जुनं बंदर अर्ध्या-पाऊण तासावर. मे महिन्यात ऊन कडक असतं, त्याची तयारी ठेवायची. भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. मात्र शाकाहारी आजींसाठी फुकेत दा नांगपेक्षा खूप सोयीचं आहे, म्हणून तुमच्या घरापुरता माझा कौल जानेवारीतल्या फुकेतलाच आहे. खालचं सगळं तेच धरून लिहितो.

आता राहायचं कुठे. पॅकेजमध्ये बहुतेक वेळा पातोंग असतं, कारण तिथे हॉटेलं जास्त आणि स्वस्त. भारतीय जेवणही तिथे पावलोपावली मिळतं. पण पातोंगचा बांगला रोड रात्री उशिरापर्यंत दारूचे बार आणि कर्कश गाण्यांनी भरलेला असतो. तेरा वर्षांची मुलगी आणि आजी यांना घेऊन रोज संध्याकाळी त्यातून जायचं, हे मला बरोबर वाटत नाही. पातोंग घ्यायचंच असेल तर बांगला रोडपासून दूर, उत्तरेच्या टोकाचं बघा. माझी पसंती काताला. वाळू मऊ, जानेवारीत पाणी शांत आणि उथळ, किनारा बराच मोठा पण आवाक्यातला, आणि खाण्यापिण्याची ठिकाणं चालत जाण्याएवढी जवळ. कारोन लांब आणि मोकळा आहे, पण तिथे पाणी लवकर खोल होतं. लहान मुलगा असल्यावर काताच बरा. मायखाओ विमानतळाजवळ, शांत आणि मोठमोठी रिसॉर्ट. तिथे राहिलात तर रोजच्या रोज बाहेर पडायला गाडी लागते. रावाई, चालोंग या बाजूला किनारा पोहण्यासाठी नाही, बोटी सुटण्यासाठी आहे. 'सी व्ह्यू' म्हणून तिथलं हॉटेल गळ्यात पडलं तर मुलं हिरमुसतील.

काताचा भाग चढणीचा आहे, हे आजींसाठी महत्त्वाचं. काही हॉटेलं डोंगराच्या उतारावर बांधलेली आहेत आणि रिसेप्शनपासून खोलीपर्यंत शंभर पायऱ्या असतात. बुकिंग करताना मेलवर स्पष्ट विचारा: खोलीपर्यंत लिफ्ट आहे का, किनाऱ्यापर्यंत सपाट रस्ता आहे का, बाथरूममध्ये टब आहे की उभ्याने अंघोळ करता येईल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टबची कड ओलांडणं म्हणजे घसरण्याचं निमंत्रण.

तीन रात्री फुकेत, दोन रात्री क्राबी ही वाटणीच मला पसंत नाही. दोन्हींमध्ये रस्त्याने अडीच-तीन तास. बॅगा भरणं, चेक-आउट, वाट बघणं, चेक-इन यात अख्खा दिवस जातो. एवढ्या थोड्या दिवसांत म्हातारं माणूस आणि लहान मूल घेऊन एकाच ठिकाणी पाच रात्री राहा. क्राबीचे चुनखडीचे सुळके जसे आहेत तसेच फांग न्गा खाडीत आहेत, आणि ती फुकेतहून एका दिवसात होते.

बोटीच्या सहली दोनच करा. पहिली फांग न्गा. खाडी असल्याने पाणी संथ असतं, मोठ्या बोटीत आजी आरामात बसतील. को पान्यी हे पाण्यावर खांब रोवून वसलेलं मुस्लिम कोळ्यांचं गाव त्याच वाटेवर आहे, मुलांना फार आवडतं. दुसरी फी फी. तिथे स्पीडबोटीने नेतात आणि ती उघड्या समुद्रात आपटत जाते. पाठीचं किंवा मणक्याचं दुखणं असलेल्या माणसाला तिच्यात बसवू नका. मोठी फेरीबोट घ्या, ती हळू जाते पण फारशी हलत नाही. नाहीतर त्या दिवशी आजींनी आणि एका मोठ्या माणसाने काताला थांबावं. लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे बोट सुटण्याआधी धक्क्यावरच तपासा. मोठ्यांचं जॅकेट आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून निघून जातं. राष्ट्रीय उद्यानाची फी बहुतेक पॅकेजमध्ये धरलेली नसते. परदेशी पर्यटकाला फी फीसाठी मोठ्यांना ४०० आणि मुलांना २०० बाट, फांग न्गासाठी ३०० आणि १५०. एक बाट तीन रुपये धरून हिशेब केलात तर खिशाला धक्का बसणार नाही.

सागरी उद्यानांत प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीन वापरायला २०२१ पासून बंदी आहे. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेंझिलिडीन कॅम्फर आणि ब्यूटिलपॅराबेन ही चार नावं बाटलीवर नाहीत ना, एवढं बघून घ्या. त्यापेक्षा मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट घेतलेले उत्तम. पर्यटकांच्या किनाऱ्यांवर सिगारेट ओढायला मनाई आहे आणि दंड जबर आहे. हे घरातल्या पुरुषमंडळींसाठी.

फुकेत शहराची एक संध्याकाळ नक्की ठेवा, शक्यतो रविवारची. कथलाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या चिनी व्यापाऱ्यांची जुनी घरं थालांग रस्त्यावर दुतर्फा आहेत, खाली दुकान आणि वर राहणं, अशी. रविवारी संध्याकाळी तो रस्ता गाड्यांना बंद होतो आणि बाजार भरतो. बहुतेक पॅकेजवाले हे दाखवत नाहीत, त्यांना शोरूममध्ये नेण्यात जास्त रस असतो. वाट चालोंग हे देऊळ आजींना आवडेल. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत.

जेवणाचं सांगतो. थाई स्वयंपाकात माशाचं पाणी, सुकटीसारखी कोळंबीची पेस्ट आणि ऑयस्टर सॉस भाजीतही पडतात. 'व्हेज' म्हटलं की ते मांस काढतात, सॉस तसाच राहतो. त्यांच्याकडे 'जे' नावाचा पूर्ण शाकाहारी प्रकार असतो, त्यात कांदा-लसूणही नसतो. दुकानावर पिवळ्या रंगावर लाल अक्षर असलेली पट्टी दिसते. ते अक्षर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि दाखवा. दरवर्षी चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे आपल्या नवरात्राच्या सुमारास, फुकेतमध्ये नऊ दिवसांचा शाकाहाराचा मोठा उत्सव असतो, त्यामुळे तिथे हे जेवण लोकांना माहीत आहे. तरी आजींसाठी घरून दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा घ्या. बोटीवरचं दुपारचं जेवण त्यांच्या उपयोगाचं नसतं, त्या दोन दिवसांचा डबा हॉटेलातल्या फळांवर आणि दशम्यांवर भागवा. तुम्ही मांसाहार करत असाल तर दक्षिण थायलंडचं जेवण नक्की खा. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसालाही घाम फुटेल इतकं ते तिखट असतं.

कोल्हापुरातून जाताना मुंबई-फुकेत थेट विमान घ्या, साडेचार-पाच तासांचा प्रवास. पुण्याहून किंवा गोव्याहून दोन विमानं बदलून वाचलेले पैसे आजींच्या पायांतून वसूल होतात. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईला उतरा, आणि विमान त्या दिवशी संध्याकाळचं किंवा रात्रीचं असेल असं बघा. गाडीने जाणार असाल तर हायवेची कामं, खंबाटकी आणि पुण्यातली कोंडी धरून विमानतळावर पोचायच्या वेळेआधी बारा तास घरातून निघा. सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम. घड्याळ तिथे आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं.

फुकेतचा विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला आहे, काता दक्षिणेला. टॅक्सीने तास-सव्वा तास लागतो. पाच माणसं आणि बॅगा म्हणजे मोठी गाडी आधीच ठरवा. तुमच्या पॅकेजमध्ये 'एसआयसी' लिहिलंय का ते बघा. याचा अर्थ गाडी दहा-बारा अनोळखी प्रवाशांबरोबर वाटून घ्यायची, आणि तुमच्या हॉटेलपर्यंत पोचायला आधी सहा हॉटेलं फिरायची. विमानतळ ते हॉटेल हे जाणं-येणं खासगी गाडीने करून मागा, बाकीचं वाटून चालेल. 'सीएनबी' लिहिलं असेल तर मुलाला वेगळा बेड नाही. पाच जणांना दोन खोल्या लागतात, आणि त्या जोडलेल्या किंवा निदान एका मजल्यावर हव्यात हे लेखी घ्या. पॅकेजच्या दरात जीएसटी आणि टीसीएस (परदेशी सहलीच्या पॅकेजवर आगाऊ घेतला जाणारा कर) धरलाय का तेही विचारा. टीसीएस आयकर विवरणपत्रात जमा मिळतो, म्हणून तो कोणाच्या पॅनवर कापायचा ते आधी ठरवा.

दुचाकी भाड्याने घेण्याचा मोह कोल्हापूरकरांना होतोच. दुचाकीसाठी वैध असलेला आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढलेला नसेल तर नको. अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो, आणि तिथल्या खासगी दवाखान्याचं बिल सहलीच्या खर्चाच्या कितीतरी पट होऊ शकतं. गाडी असो की जेट स्की, पासपोर्ट कोणाकडेही तारण ठेवायचा नाही, आणि घेण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढायचा. प्रवास विमा पाचही जणांचा काढा. आजींचा काढताना त्यांचा रक्तदाब, साखर, जे असेल ते लपवू नका. लपवलं की दावा फेटाळतात.

कागदपत्रांत व्हिसाचा नियम बदलत आलाय. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला, जुलै २०२४ मध्ये ते ६० दिवस झाले. तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या वेळचा नियम वाचा, एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नका. मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बाहेर पडा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून सोबत ठेवा. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

पासपोर्ट पोचण्याच्या तारखेपासून सहा महिने वैध हवा. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचे असतात, ते संपल्याचं पालकांच्या लक्षात येत नाही, आजच कपाटातून काढून बघा. आजींचा पासपोर्ट नसेल तर तेच तुमचं पहिलं काम. त्यांच्या आधारवर, शाळेच्या दाखल्यावर आणि पॅनवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे का ते आधी जुळवा. त्या पिढीच्या बायकांचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतं. नावात बदल करायचा तर त्यातच महिना-दीड महिना जातो, पुढे पोलिस पडताळणी. कोल्हापुरातच पोस्टातल्या केंद्रात अर्ज होतो, पुण्याला जावं लागत नाही. जानेवारीत जायचं तर हे काम गणपतीच्या आधी उरका, पासपोर्ट हातात आला की मगच विमानाचं तिकीट काढा, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवर छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर टाका.